पंचनदरावांचं एकच मागणं

पंगत बसली की पंचनदराव यायचे, तुमच्या पानापुढचा पाण्याचा पेला उचलायचे आणि चालू लागायचे. बोलायचे काही नाहीत. पेला गेला त्या दिशेला माणसाला उठून जावंच लागे. ते तो पेला दुसऱ्या कुठल्या तरी पानापुढे ठेवत आणि खुणेनं म्हणत, बसा. तुम्ही बसेपर्यंत ते पुढच्याचा पेला उचलायला निघालेले असत. काठोकाठ भरलेला पेला घेऊन हॉलभर फिरणाऱ्या या माणसाच्या हातून थेंबभर पाणी सांडलेलं मी कधी पाहिलं नाही.

चेन्नईतल्या मराठी व्यापारी-उद्योजकांचं जे वाणिज्य मंडळ आहे, त्याचे ते मानद सचिव. मी नुकताच कराडहून येऊन अंबत्तूरला गाड्यांचे रबरी भाग बनवण्याचा लहानसा कारखाना टाकला होता. मंडळाच्या जेवणाला पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या भागातले दोघं भेटले आणि आम्ही तिघं एष्टी स्टँडवर बसल्यासारखे एका कोपऱ्यात बसलो. तेवढ्यात माझा पेला निघाला.

"अहो, माझं पाणी!" मी म्हणालो.

"पाणी तिकडे मिळेल. या ओ." मला बसवून झाल्यावर ते वाकून म्हणाले, "गाववाल्यांशीच बोलायचं तर मद्रासला कशाला आलात? कराडलाच बसायचं ना!"

ज्यांच्या शेजारी त्यांनी मला बसवलं होतं ते माझ्याच धंद्यातले, माझ्याच गिऱ्हाइकाला माल देणारे निघाले. मी ते जेवण तोंड मिटून केलं. मुळात मी बोलत नाही. न बोलण्याचं खापर मी नेहमी स्वभावावर फोडत आलो. ते तितकंसं खरं नाही, हे इथे सांगून टाकायचं आहे.

पंचनदरावांना सगळे पंचूराव म्हणत. मराठे राजे तंजावरला गेले त्यांच्यामागून त्यांचे पूर्वज गेले, आणि आजोबांच्या काळात घराणं मद्रासला आलं. शहराचं नाव बदललं तरी ते शेवटपर्यंत मद्रासच म्हणत. बंदरात माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर मंडळाचं काम अंगावर घेतलं. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट, कपाळावर अंगाऱ्याची बारीक काळी रेघ. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेलात भिजलेलं. "आहे"ला ते "अहे" म्हणत, "मला"ला "मजला", आणि वाक्याच्या शेवटी "ओ" लावत. आमच्यातली नवी आयटीतली पोरं सुरुवातीला हसायची. मग महिन्याभरात तीच एकमेकांना "या ओ, बसा ओ" करायला लागायची.

मंडळाचं वर्ष तसं इतर मंडळांसारखंच जायचं. रक्तदान, शिष्यवृत्त्या, करांवरची व्याख्यानं, गणपती, महिला उद्योजकांचं प्रदर्शन. पण वार्षिक सभेत पंचूरावांनी एक रीत पाडली होती, आणि ती मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. तिथे कुणी आपल्या वर्षाची फुशारकी सांगायची नाही. प्रत्येकानं उभं राहून एक मागायचं. एकच. जे आपल्याजवळ नाही आणि या हॉलमधल्या कुणाजवळ तरी असू शकेल, असं काहीतरी. सभेनंतर पंगत, आणि पंगतीत पंचूराव पेले उचलून मागणारा आणि देणारा यांची पानं शेजारी-शेजारी आणत. या सभेला मंडळात "मागणं" असंच नाव पडलं होतं.

मराठी धंदेवाईक माणसाला हे किती जड जातं ते मला विचारा. कर्ज काढू, जमीन विकू, पण चारचौघांत उभं राहून "मला हे हवंय" म्हणणार नाही. पंचूरावांचं यावर ठरलेलं बोलणं होतं. "डॉक्टरापुढे तोंड उघडतां. इकडे काय झालं? आम्ही काय तुमचे दात काढणार अहों?" आणि कुणी फारच अडलं तर आवाज खाली आणून म्हणत, "न मागून तुम्ही कुणाला तरी देण्यापासून अडवतां ओ. पापच ते."

पहिल्या वर्षी संपतराव पाटील उभे राहिले ते मला अजून आठवतं. संपतराव खानापूर तालुक्यातले, सोन्याच्या गलाईच्या धंद्यातले. इथल्या सौकारपेठेतल्या एका गल्लीत खाली सोनं वितळवायची भट्टी आणि वर बिऱ्हाड. आवाज असा, की भट्टीच्या फुंकणीशी बोलायची सवय लागलेला. पुढे ते मंडळाचे अध्यक्ष झाले. तर ते उभे राहिले आणि म्हणाले, "मला काय बी नको. देवानं समदं दिलंय."

"मग देवाकडे जा, इकडे कशाला आलां?" पंचूराव म्हणाले. हॉल हसला. "संपतराव, काल पोलीस स्टेशनात तुम्ही अर्धा दिवस बसलां ना? कशाला?"

संपतराव चमकले. मग जरा ओशाळून म्हणाले, "गल्लीत गाडी लावण्यावरनं भांडण. त्यो तमिळमदी बोलतोय, मी मराठीत. फौजदाराला माझं कळंना, मला त्येंचं."

"मग मागा!"

"...तमिळ शिकवणारं कोण हाय का?"

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागच्या रांगेत होते. त्यांनी हात वर केला. तेही मराठीच, पण तीस-पस्तीस वर्षं आवडीतच गेलेली. पेला उचलला गेला. पुढे सौकारपेठेत रविवारी तमिळचा वर्ग सुरू झाला, त्यात गलाईवाल्यांच्या बायका जास्त आल्या, आणि बाजारात फसवणूक थांबली, धीर आला आणि त्यांनीच मंडळाच्या प्रदर्शनात पहिली दुकानं लावली. त्या वर्षीच्या अहवालात पंचूरावांनी लिहिलं, "संपतरावांनी भांडण करून मोठं कार्य केलं." तेव्हाच्या अध्यक्षांना ते वाक्य नको होतं. उपक्रम किती झाले, पाहुणे कोण आले, ते सगळं यायला हवं होतं. पंचूराव म्हणाले, "उपक्रम मोजायला क्यालेंडर अहे. अहवालात माणसं घालूं."

मी मात्र दरवर्षी खोटं मागत आलो. खोटं म्हणजे बिनगरजेचं. "चांगला फिटर हवा." "रंगाचा पुरवठादार हवा." फिटर माझ्याकडे होता, रंगवाला होता. उभं राहायचं, काहीतरी म्हणायचं आणि बसायचं. पंचूराव माझ्याकडे किंचित जास्त वेळ बघत आणि पुढच्याचं नाव पुकारत.

खरं मागणं घरात होतं. आम्ही वेलचेरीत तळमजल्यावर राहायचो. सुनंदाला, माझ्या बायकोला, ते घर पहिल्या पावसाळ्यापासून आवडलं नव्हतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडचा मोठा पाऊस लागला की पाणी पायरीशी यायचं, आणि ती गाद्या कपाटावर चढवून बसायची. वरच्या जागेतलं घर बघायचं, बघायचं, म्हणत मी कारखान्यातच गुंतलेला.

"मंडळात सगळे मागतात ना? मग एकदा घर मागा की," ती म्हणाली.

"बरं दिसतं का ते?"

"मी गाद्या चढवते ते बरं दिसतं का?"

बघू, म्हणून मी सभेला गेलो. आणि त्या सभेत एक गोष्ट झाली.

सगळ्यांचं मागून झालं होतं. मीही माझं "कॅन्टीनसाठी स्वयंपाकी हवा" म्हणून बसलो होतो. पंचूराव व्यासपीठावरून उतरले आणि सभासदांच्या रांगेत येऊन उभे राहिले. ते कधीच काही मागत नसत.

"या वर्षी मीपण मागतों," ते म्हणाले. "मजला एक शेजारी पाहिजे."

आधी संपतरावांचा हसण्याचा गडगडाट, आणि त्यामागून अख्खा हॉल. सगळ्यांचे शेजारी बदलणाऱ्या माणसानं शेजारी मागावा, यापेक्षा चांगला विनोद काय? "पेला कोण उचलनार तुमचा, पंचूराव?" संपतराव ओरडले. टाळ्या पडल्या. पंचूराव स्वतःही हसले, हात जोडले आणि पंगतीची व्यवस्था बघायला निघून गेले.

मी हसलो नाही. ट्रिप्लिकेनमधलं त्यांचं घर मी पाहिलं होतं. अहवाल छापायच्या निमित्तानं एकदा गेलो होतो. दोन बाजूंना दोन बिऱ्हाडं, मध्ये अंगण, पुढे सामाईक ओटा. एका बाजूला ते, दुसरी बाजू बंद. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा अमेरिकेत. त्या दिवशी त्यांनी दोन पेले कॉफी आणली होती, माझी संपली तरी त्यांची तशीच होती. पिऊन टाकली की मी उठेन, म्हणून ते पीत नव्हते. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी उठलो होतो.

म्हणून सभेत ते बोलले ते शब्दशः खरं आहे हे मला ताबडतोब समजलं. मला घर हवं होतं, त्यांच्याकडे अर्धं घर रिकामं होतं, आणि आमच्या दोघांमध्ये चार खुर्च्या होत्या. मी खाली मान घालून पुढच्या खुर्चीचा पाय बघत राहिलो. का, ते सांगतो. माझ्या मनात आलं, हा म्हातारा आता एकटा आहे. शेजारी म्हणून गेलो की उद्या याचं दुखणंखुपणं, औषधपाणी, दवाखाना, सगळं आपल्या गळ्यात पडणार. अंग चोरलं मी. घरी सुनंदाला म्हणालो, "विचारलं. नाही कुणाकडे."

मग नोव्हेंबर आला आणि त्या वर्षी पाणी पायरीशी थांबलं नाही. घरात शिरलं, गाद्यांसकट कपाटं आडवी झाली, आणि आम्ही दोघं कंबरभर पाण्यातून एका शाळेत जाऊन पोचलो. वरच्या वर्गांत माणसंच माणसं. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की खाली जेवण वाढतायत. खाली गेलो तर फाटकावर आमच्याच मंडळाचा कापडी फलक. दरवर्षीच्या पुराच्या मदतकार्यात मी वर्गणी देत असे, भाजी चिरायलाही एकदा बसलो होतो. आता मी पानाच्या या बाजूला होतो. सांबारभाताची बादली घेऊन संपतराव लांबच्या रांगेत फिरत होते. मी तोंड भिंतीकडे वळवलं.

"काय करताय?" सुनंदा म्हणाली. "नीट बसा. भूक लागलीय ना?"

तेवढ्यात माझ्यापुढचा पेला उचलला गेला.

वर बघितलं. वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलात भरलेले, हातात माझा पेला. ते चालू लागले. मी उठलो. सुनंदाही उठली. पंगती ओलांडून, फाटकातून बाहेर, पाण्यातून, मोठ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या एका शेअर ऑटोपर्यंत ते तो पेला हातात धरून गेले. ऑटोत बसल्यावर त्यांनी तो सुनंदाच्या हातात दिला.

"प्या ओ, अक्का. घरी जाऊं. तिकडे पाणी चढत नाही."

सुनंदा पाणी प्यायली आणि रडायला लागली.

ट्रिप्लिकेनला पोचल्यावर बंद बाजूचं दार त्यांनी स्वतः उघडलं. आतल्या धुळीत लहान मुलाची एक सायकल उभी होती. ती उचलून ते आपल्याकडे घेऊन गेले. "थोडे दिवस," मी म्हणालो. "हौ, हौ, थोडे दिवस," ते म्हणाले.

ते थोडे दिवस पुढे चार-पाच वर्षं चालले, आणि माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षं मोजायला बसलो तर तीच वर येतात. मी ज्याला भ्यालो होतो तसं काही झालं नाही. दुखणी आली, पण माझीच जास्त. पंचूराव सकाळी ओट्यावर कॉफी घेऊन बसत आणि मी बाहेर येईपर्यंत पहिला घोट घेत नसत. सुनंदा आणि ते रोज कशावरून तरी भांडत. ती पिठलं करी, ते म्हणत, "हे काय पिठलं? माझ्या आईच्या पिठल्यात चिंच होती." ती म्हणे, "मग ते पिठलं नव्हतंच." दुसऱ्या दिवशी चिंचेचं पिठलं होई, आणि तेव्हा ते म्हणत, "कालचं बरं होतं ओ." आमच्याकडे कुणी आलं की थोड्या वेळानं ते बाहेर येत आणि पाहुण्याची खुर्ची ओढून आपल्या जवळ घेत. पाहुणा आमचा, पण शेजार त्यांचा.

ते मला "निकमसार" म्हणत आणि सगळ्यांना सांगत, "यांनी मजवर उपकार केले. इकडे येऊन राहिले." आणि मी प्रत्येकाला सांगे, "पंचूरावांचे उपकार. पुरातून उचलून आणलं." दोघंही खरं बोलत होतो, पण माझ्या खऱ्यात एक भोक होतं. त्यांना वाटत असणार, पूर आला आणि योगायोगानं शेजारी मिळाला. मला माहीत होतं की त्यांनी मागितलं तेव्हाच मी ऐकलं होतं. रोज सकाळी तो न प्यायलेला कॉफीचा पेला दिसला की ते टोचायचं.

एका सकाळी, ते आजारातून नुकतेच उठले होते, मी बोललो. कसं बोललो ते धड आठवत नाही. म्हणालो, "पंचूराव, तुम्ही सभेत शेजारी मागितलात ना, सगळे हसले. मला तो विनोद वाटला नव्हता. मला घर हवं होतं तेव्हा. मी मुद्दाम गप्प बसलो. तुमची जबाबदारी नको होती मला."

त्यांनी कॉफीचा एक घोट घेतला. रस्त्यावरून फुलवाली गेली, तिला थांबवून सुनंदासाठी गजरा घेतला. मग म्हणाले, "मजला माहीत अहे."

"काय?"

"सगळे मजकडे बघून हसले. तुम्ही एकटेच खाली बघत होतां. मी तेव्हाच म्हटलं, ऐकलेला माणूस हाच. बाकीच्यांनी ऐकलंच नाही, त्यांना काय सांगणार?" मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "आवाज पोचला होता. पाय यायला वेळ लागतो ओ. पाणी आलं, पाय आले."

"म्हणजे त्या दिवशी शाळेत तुम्ही..."

"वेलचेरीतल्या तीन शाळा शोधून आलों. तुमचा कारखाना बंद, फोन बंद. संपतरावांना म्हटलं, तुम्ही भात वाढा, मजला माझा शेजारी शोधायचा अहे."

सुनंदा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, माझं "विचारलं, नाही कुणाकडे" हेसुद्धा तिला आता उमगलं असणार. ती एवढंच म्हणाली, "कॉफी गार झाली दोघांची. द्या इकडे, गरम करते." त्यावरून मला अजून कधीतरी ऐकून घ्यावं लागतं. पण ते ऐकताना आता बरं वाटतं.

पंचूराव गेले ते त्या ओट्यावरच, सकाळी, पेपर मांडीवर ठेवून. मी बाहेर आलो तेव्हा पेला भरलेला होता. मुलगा अमेरिकेहून आला, सगळं रीतीनं केलं, आणि जाताना त्यांच्या बाजूची किल्ली माझ्या हातात दिली. "काका, घर बंद ठेवू नका. अप्पांना आवडलं नसतं. कुणी चांगलं बघा." मी हो म्हणालो आणि वर्षभर कुणालाही विचारलं नाही. रोज ओट्यावर एकटा कॉफी पीत होतो. सुनंदा म्हणाली, "पुन्हा अंग चोरताय."

वार्षिक सभा आली. त्या वर्षीच्या अहवालात उपक्रमांची मोठी मांडणी होती, पाहुण्यांचे फोटो होते. पंचूरावांना श्रद्धांजली झाली. मग संपतरावांनी, अध्यक्ष म्हणून, एकेकाचं नाव पुकारायला सुरुवात केली. रीत तेवढी राहिली होती. माझं नाव आलं. मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला जे हवं होतं तेच तोंडातून निघालं.

"मला एक शेजारी पाहिजे."

हॉल हसला नाही. कुणीतरी घसा खाकरला. हात मात्र कुणाचाच वर झाला नाही, आणि संपतरावांनी कागदात बघत घाईनं पुढचं नाव पुकारलं.

पंगत बसली. पेले उचलायला आता कुणी नव्हतं, म्हणून जो तो आपापल्या गाववाल्यांशेजारी बसला होता. माझ्या उजव्या हाताचं पान रिकामं होतं. वाढायला सुरुवात होणार तेवढ्यात अध्यक्षांच्या रांगेतून संपतराव उठले. त्यांनी स्वतःचाच पेला उचलला आणि सगळ्यांच्या देखत हॉलभर चालत माझ्याकडे आले. हात सवयीचा नव्हता. येईपर्यंत निम्मं पाणी सांडलं होतं, शर्टाची बाही ओली झाली होती.

पेला माझ्या शेजारच्या पानापुढे ठेवून ते जड अंगानं खाली बसले. मग तो भट्टीवरचा आवाज जमेल तेवढा खाली आणून म्हणाले, "निकम, भट्टीचा धूर वर बिऱ्हाडात येतोय वो. हिचा दमा लई वाढलाय. दोन वर्षं झाली... कुणाला म्हनलो न्हाई."

मी तांब्या ओढला आणि त्यांचा पेला काठोकाठ भरला.